सहा पानं वाचून

सोलापूर,
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. शरणबसव,
सप्रेम सलाम.

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. मी बरा आहे. आमची ही, दाक्षायणी, गेल्यापासून घर गप्पच असतं. शनिवारी, शब्बाथच्या दुपारी, तर फारच. मग शाळेतल्या कविता मोठ्यानं म्हणत बसतो. शेजारची पायल खिडकीतून विचारते, "आजोबा, परीक्षा हाय का तुमची?" तू सातवीत होतास तेव्हा मी म्हणायचो, कविता आधी ऐका, अर्थ मग. तू डोळे मिटून ऐकायचास.

तुझा बायबलातल्या दानीएलच्या आठव्या अध्यायावरचा निबंध परवा शेवटपर्यंत वाचला. त्या 'दोन हजार तीनशे संध्याकाळ व सकाळ' म्हणजे तितकी वर्षं, असं धरून आपण ॲडव्हेंटिस्ट १८४४ पर्यंत, म्हणजे स्वर्गातल्या न्यायाच्या आरंभापर्यंत, मोजत येतो. तू म्हणतोस, मोजण्याआधी, ज्यांचं यरुशलेमातलं मंदिर गेलं त्या माणसांच्या कानांनी हे ऐका. मोजणी तू कुठंच मोडली नाहीस. तिच्याखालचं रडणं तेवढं ऐकवलंस.

तीन वर्षांपूर्वी मी सहाच पानं वाचली होती. दाक्षायणी नुकतीच प्रभूत निजली होती. मोजणी हलली तर प्रभूचं येणं आणि तिचं थडग्यातून उठणंही हलेल, असं वाटलं. घाबरलो.

काल मंडळीत प्रभुभोजन होतं. आधी पाय धुण्याचा विधी. एकमेकांचे पाय धुवायला पुरुष दोघं दोघं टब घेऊन बसले. तू गाव सोडल्यापासून मला जोडीदार नाही. बिरप्पा पाळक म्हणाले, "या गुरुजी, मी धुतो." मी उभाच. ऊन पाणी घेऊन आलेली शिवबाई दारातून ओरडली, "बसा की! पाणी निवायलंय. पाय काय सोन्याचं हायत व्हय?" सगळे हसले. मी चपला घालून बाहेर पडलो. प्रभुभोजनाची भाकर घेतली नाही.

'हा मोजणी मोडतो' म्हणून तुझ्या बायबल कॉलेजला गेलेलं ते निनावी पत्र माझं होतं, शरणबसव.

तुझी शिकवण्याची जागा गेली, तेव्हा तू माझ्याच ओट्यावर बसून विचारलंस, "गुरुजी, कोणी लिहिलं असेल?" मी चहा गाळत म्हणालो, "देव जाणे."

तो जाणतच होता.

क्षमा कर असं लिहून खोडलं. ते मागायचं तर समोर येऊनच. बोलावलंस तर येईन. उत्तर आलं नाही, तरी रागावणार नाही. याची नक्कल उद्या कॉलेजच्या मंडळाला पाठवतोय. दोन्हींवर सही करतोय, पूर्ण नावानं.

महिपती आप्पा रणदिवे