अकरा गोगलगायी आणि माझी कांती

३ मार्च
लग्नाला वीस वर्षं होणार म्हणून जोडीने फोटो काढायला स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर मला म्हणाला, बाबांनी जरा बाजूला व्हावं, आधी मुलीचा एकटीचा घेऊ. बायकोने चूक सुधारली नाही. मी फोटोच रद्द केला. नवी तारीख २१.
निश्चय: तोवर दहा वर्षांनी तरुण. केमिकल बंद. फक्त नैसर्गिक.

४ मार्च, सकाळी ६.१०
गोगलगाईच्या चिकट स्रावाने कातडी मऊ होते, असं क्रीमच्या डबीवरच छापलंय. डबी बोटभर. मी सरळ कारखानाच आणला. बागेच्या ओल्या भिंतीवरून अकरा गोगलगायी, बादलीत. बायको म्हणाली, पोटात पाय असलेला एक घरात होता तेवढा पुरे होता. दुर्लक्ष केलं.

६ मार्च
एकीला थेट कपाळावर ठेवलं. वीस मिनिटांत जेमतेम भुवईपर्यंत. आमच्या ऑफिसातली फाइल याहून वेगाने सरकते. तिथे थांबून तिने भुवई चाखली. चेहरा ओढल्यासारखा वाटतोय. म्हणजे गुण येतोय.

९ मार्च
बादली रिकामी. शोधून नऊ मिळाल्या. दहावी बायकोच्या चपलेत होती, ती तिलाच आधी मिळाली. अकरावीबद्दल मी घरात काही बोललेलो नाही.

१३ मार्च
डागांना ज्येष्ठमध, सुरकुत्यांना ग्रीन टी, उजळपणाला लिंबाचा रस. रस चोपडूनच ऑफिसात खिडकीशी बसलो, दुपारभर ऊन तोंडावर. शेजारच्या टेबलावरच्या बाई सारख्या बघत होत्या. साहजिक आहे.

१५ मार्च
गालांवर तपकिरी पट्टे. फोड. लिंबू नैसर्गिक, ऊनही नैसर्गिक. दोन नैसर्गिक गोष्टींचं आपसात पटत नाही, हे आधी कुणी सांगायचं? बायकोला समजावलं की जुनी कातडी निघतेय. वर कोरफड लावली. आता खाजही सुटली.

१८ मार्च
डावा डोळा उघडत नाही. उजव्याने आरशात पाहिलं. प्रगती आहे. सुजेमुळे सुरकुत्या साफ गेल्या.

२१ मार्च
फोटोचा दिवस. बायकोने स्टुडिओऐवजी कातडीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी सगळं ऐकलं, गोगलगाईचा भाग दोनदा. मग तीन बाजूंनी माझे फोटो काढले. शेवटी पारखी नजर भेटली म्हणून मी उजवी बाजू दिली, थोडं हसलोही. नंतर कळलं, विद्यार्थ्यांना दाखवायचेत, घरी काय करू नये ते. नाव झाकू म्हणाल्या. बायकोने विचारलं, चेहरा झाकता येईल का.
सगळं बंद. साधं पाणी आणि एक मलम.
मलम घरी तिनेच लावलं. मला डोळा मिटून बसायला सांगितलं. फार वेळ लागला. हसून हसून तिचा हातच स्थिर राहत नव्हता.