बाईंच्या हाताखाली

बाई, माझी साठी उलटली आणि तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली. फणसवाडीतल्या आपल्या मुलींच्या शाळेत मी लागलो तेव्हा मला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मुलींकडे पाठ करून मी फळाभर त्रैराशिक सोडवलं. तुम्ही मागे बसून होतात. मुली गेल्यावर म्हणालात, "फळ्याला येतं रे त्रैराशिक. मुलींना शिकव." भयंकर राग आला होता मला. पण दुसऱ्या दिवसापासून वळून उभा राहिलो, आणि जो काही मास्तर झालो तो तिथूनच.

पुढे हेडमास्तर वारले. वर्षभर शाळा तुम्हीच चालवलीत. घरोघर जाऊन मुली आणल्यात, आम्हा तिघा मास्तरांचे तास लावलेत, इन्स्पेक्टरसाहेबांना दप्तर दाखवलंत. ती जागा तुमची, याबद्दल आम्हा कोणालाच शंका नव्हती. ती भरायला शाळेच्या कमिटीची बैठक रविवारी सकाळी अध्यक्षांच्या दिवाणखान्यात ठरली. तिथे बायकांनी जायची रीत नव्हती, म्हणून तुम्ही मला पाठवलंत. विचारतील तेवढं खरं सांग, जास्त काही नको, असं बजावलंत.

तिथे सहाजण बसलेत. पानाचं तबक फिरतंय, मला बस म्हणायला कोणी तयार नाही. तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही, उलट कौतुकच चाललंय. मला वाटतं, झालं काम. तेवढ्यात अध्यक्ष सुपारी कातरता कातरता विचारतात, "मास्तर, पुरुषासारखे पुरुष तुम्ही. एका बाईच्या हाताखाली काम कराल?"

वर्षभर मी दुसरं काय करत होतो? पण सहाही जण माझ्याकडे बघून हसत होते. दरडावलं असतं तर कदाचित मी ताठ उभा राहिलो असतो. त्या हसण्यापुढे ढेपाळलो. माझी कानशिलं तापली आणि मी म्हणालो, "लोक हसतील, रावसाहेब." पाच मिनिटांत ती जागा मला देऊन ते उठलेसुद्धा.

तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात आलो तेव्हा तुम्ही भाकरी थापत होतात. माझ्या तोंडाकडे पाहूनच तुम्हाला कळलं. मी सांगितलं की मी पुष्कळ भांडलो, पण त्यांनी ऐकलं नाही. तुमचा हात परातीत थांबला.

"मग कोणाला दिली?"

"मला."

तव्यावरची भाकरी करपली. मग ती बाजूला काढून म्हणालात, "माझ्यासाठी एक तरी माणूस बोलला. पुष्कळ झालं. जेवून जा." मी जेवलो, बाई. दोन भाकऱ्या खाल्ल्या. त्यानंतर बारा वर्षं तुम्ही माझ्या हाताखाली काम केलंत, दोन दिवसांच्या रजेसाठी माझ्यासमोर अर्ज ठेवलात, आणि प्रत्येक नव्या मास्तराला सांगत राहिलात की हे माझ्यासाठी भांडले होते. ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं होई. तरी मी कधी तुम्हाला थांबवलं नाही.

उद्या शाळेत पहिल्यांदाच एक बाई हेडमास्तरच्या खुर्चीत बसणार आहेत. तुमच्याबद्दल चार शब्द बोलायला मला बोलावलंय. भाषण लिहायला बसलो आणि मध्येच हे पत्र लिहीत सुटलो. हे वाचणारं आता कोणी नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. भाषणाचा कागद शेजारी आहे. त्यात तिसऱ्या ओळीत लिहिलंय की बाईंसाठी मी कमिटीशी भांडलो. खोडायला दोनदा लेखणी उचलली. ते वाक्य अजून तसंच आहे.