फोन पिंपातच राहू दे

तीर्थरूप बसलिंगाप्पा मामांना,

शिवप्रसादचे शरणु शरणार्थी. (सोबत साष्टांग नमस्कारही धरावा.) तुमचा खोकला, मामींचं पित्त आणि तांबड्या गाईचा राग आता कमी असेल अशी आशा आहे. मी इकडं बरा आहे. म्हणजे झोप लागत नाही, जेवण गोड लागत नाही आणि डावा पाय लंगडतोय, बाकी बरा. तुम्ही माझे मामा आधी आणि सासरे नंतर. हे पत्र मामा म्हणून वाचा. मधेच सासरे झालात तर चष्मा काढून ठेवा.

पत्र बघून दचकला असाल. पण करू काय? तुमच्या लेकीचा, विद्याश्रीचा फोन तुम्ही ज्वारीच्या पिंपात घातलाय. ती काजूच्या कारखान्यातनं मैत्रिणीच्या फोनवर बोलते, पण तिथं आमची लेक भूमी नसते. तुमच्या बटणाच्या फोनवर लावावा तर तुम्ही "सगळं बरं हाय, ठेव!" एवढं ओरडून ठेवता. (माणूस राजस्थानात असला तरी फोनवर हळू बोललेलं ऐकू येतं, मामा.)

फोन बंद करा हे मीच सांगितलं होतं, मान्य आहे. आमची भूमी कार्टून लावल्याशिवाय घास गिळत नव्हती. शाळेच्या शर्यतीत ती मधेच खाली बसली आणि बाईंना म्हणाली, "बाई, उरलेलं उद्या पळतो." विद्याश्रीनं हे हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही. पहिलीतलं लेकरू, आणि दम लागून खाली बसतंय! मग पोकलेनच्या केबिनमध्ये बसून मी डॉक्टर लोकांचे व्हिडिओ बघितले. एक झाला की दुसरा. पोरांनी मोबाईल कमी बघावा, हे बघता बघता माझ्याच मोबाईलची बॅटरी संपली. म्हणून तुम्हाला म्हणालो, मामा, पोरीला पळवा, फोन बंद करा. मला वाटलं, थोडा थोडा कमी कराल. पण तुम्ही जुने पैलवान, तुम्हाला थोडं कुठं ठाऊक? त्याच दिवशी फोन पिंपात आणि पोरगी गल्लीत.

मग मनात आलं, लेकीला पळायला लावायचं आणि आपण दिवसभर खुर्चीत बसून नुसते दांडे हलवायचे, हे बरं दिसत नाही. (पोट आता दांड्यांना लागतंय.) म्हणून काम सुटल्यावर साईटभोवती पळायला लागलो. इथं सोलरसाठी चर खोदायचं काम. चहूकडं वाळू, आणि विनाकारण पळणारा माणूस इथं कुणी बघितलेला नाही. वॉचमन विजयसिंह ओरडला की डिझेलचोर पळाला, आणि कुत्रं सोडलं. मी त्याला माझ्या हिंदीत सांगत होतो की बाबा रे, पोरीसाठी पळतोय. तो म्हणाला, सगळे चोर पोराबाळांसाठीच पळतात. सुपरवायझरनं येऊन सोडवलं, पण पळत का होतो हे त्यालाही पटलेलं नाही. डिझेलच्या टाकीची किल्ली त्यानं माझ्याकडनं काढून घेतलीय.

एवढं झालं तरी माझं मन घराकडंच. पोरीचं तोंड बघावं म्हणून शेवटी मी तुमच्या शेजारच्या बयाबाईंना व्हिडिओ कॉल लावला. (तुम्हाला न विचारता. मामा म्हणूनच वाचताय ना?) बयाबाई फोन घेऊन गल्लीत हुडकत निघाल्या. मला त्यांची हनुवटी दिसली, मग गटार, मग कुणाची तरी म्हैस, परत हनुवटी. मग लगोरी फुटली, आरडाओरडा झाला, आणि एक पोरगी समोरनं अशी गेली की मी ओळखलीच नाही.

"अगं भूमे, तुझा आप्पा हाय की फोनवर!"

"आप्पा, माझा डाव हाय! मग येतो!" आणि गेली.

बयाबाई म्हणाल्या, "बघितलंसा पावणं? आता फोनकडं ढुंकून बघत न्हाय पोरगी. जितलासा की तुम्ही!"

मी व्हय म्हणालो. मामा, काय पळत होती ती! केस सुटलेले, गुडघा फुटलेला, आणि दोन दांडगी पोरं मागं. साईटवर सगळ्यांना बोलावून दाखवावंसं वाटलं. मग फोन बंद झाला आणि ध्यानात आलं. कार्टून ज्या फोनमध्ये, तिचा बापही त्याच फोनमध्ये. दुसरीकडं मी तिला भेटणार कुठं? मागच्या उन्हाळ्यात आलो तेव्हा ती तुमच्या धोतरामागं लपली होती. मामींना म्हणाली, "आप्पाला पाय हायत!" फोनात कधी दिसले नव्हते ना. आता दिवाळीपर्यंत चेहराही विसरली, तर दारात उभा राहून मी सांगू काय? गडहिंग्लजच्या एसटीनं पावणं आलंय म्हणून?

तरी गैरसमज नसावा. नियम मोडायचा नाही. फोन पिंपातच राहू दे, पोरगी पळू दे. मी अजिबात मागं हटणार नाही, एवढं कळवायलाच हे पत्र. मामींना नमस्कार. भूमीचा पापा घ्या, थांबली तर.

तुमचा भाचा (जावई असल्याचं आज राहू दे),
शिवप्रसाद

ता. क. : कुत्रं चावल्याचं विद्याश्रीला सांगू नका. इंजेक्शनं घेतली आहेत.

दुसरा ता. क. : रविवारी फोन अर्धा तास बाहेर काढला तर ज्वारीचं काही बिघडत नाही, असं आपलं मला वाटतं.

तिसरा ता. क. : पण तिला खेळातनं उठवून माझ्यासमोर बसवू नका. उगाच तोंड फुगवून बसेल, आणि मला तेच आठवत राहील. त्यापेक्षा तुम्हीच फोन घेऊन तिच्या मागं पळा. तुमचं वय मला ठाऊक आहे, हळू पळा. फक्त फोन तिच्याकडं धरा. मी काय बोलणार न्हाय, मामा. नुसतं बघीन.