हाकेला ओ

१ ऑगस्ट २०२२, लातूर

नांदेडची भार्गवी एकदाची लातूरकर झाली! उद्यापासून कोचिंग क्लासात जीवशास्त्र शिकवायचं. खोलीही झकास मिळाली. घरमालकीण पार्वतीबाई एकट्याच राहतात. वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणाऱ्या पोरी, खाली मी. खिडकीत शेवगा, नेट भक्कम. दाराची चौकट तेवढी जुनी, काळ्या सागवानाची. नव्या स्लॅबच्या घरात ती नवरीला पणजीचं लुगडं नेसवल्यासारखी दिसते.

नियम एकच. दिवेलागणीला बाई अंगणात उभ्या राहून एकेकीचं नाव घेतात, आपण ओ द्यायची. "फोनवर असा, न्हाणीत असा, ओ द्यायची म्हंजी द्यायची." वरची इरा सदा कानात इअरफोन घालून असते, तिला रोज बोलणी बसतात म्हणे. शाळेची हजेरी सुटली नि ही चिकटली!

६ ऑगस्ट

पीएच.डी.साठी सक्तीचा केलेला संशोधन लेखनाचा ऑनलाइन कोर्स आज सुरू झाला. दर शनिवारी संध्याकाळी. शिकवणारे राघवेंद्र सर शिस्तीचे आहेत, सगळ्यांचे माइक बंद ठेवायला लावतात. शेवटी आपला निबंध आपल्याच आवाजात सगळ्यांसमोर मांडायचा, नाहीतर नोंदणी रद्द. माझी एकदा रद्द झालीच आहे. या वेळीही झाली तर मुकाट्याने बोहल्यावर चढायचं, असं आईने बजावलंय.

सर म्हणाले, विषय आभाळात शोधू नका, अंगणात बघा. मला तर अंगणातच सापडला. बाईंची हाक!

१३ ऑगस्ट

आज बाईंना बोलतं केलं. माहेर औसा तालुक्यातलं. त्र्याण्णव साली गणपती विसर्जन करून माणसं निजली होती आणि पहाटे भूकंपाने दगडमातीची घरं अंगावर घातली. बाई अंगणात निजल्या म्हणून वाचल्या. धाकटी बहीण सिंधु आत होती.

उजाडल्यावर माणसं ढिगाऱ्यावर उभी राहून नावं पुकारायची आणि ओ येईल तिथे उकरायची. सिंधु ओ देत होती. पण हाक कुणाच्याही नावाची असो, तीच ओ द्यायची, "हाय." लोक गोंधळले, हा आवाज घुमतोय म्हणाले आणि पुढे गेले. परत आले तेव्हा ओ येत नव्हती. घराची चौकट तेवढी उभी राहिली होती. वडिलांनी ती बैलगाडीत घालून लातूरला आणली. तीच माझ्या दाराला आहे.

बाई म्हणाल्या, "आपल्या नावाला आपण ओ द्यावी, बाई. न्हाई दिली तर दुसरं कुणी देतंय."

मला रडू आलं. आणि रडता रडता वाटलं, निबंध जमला!

२० ऑगस्ट

सरांनी कच्चा निबंध वाचला. ओ दिलीच नाही तर काय होतं, हे मी पाहिलंय का? नाही ना, मग ही ऐकीव गोष्ट झाली, संशोधन नव्हे. बरोबरच आहे त्यांचं. उद्या प्रयोग करते.

२१ ऑगस्ट

केला. हाक आली तेव्हा खाटेवर ओठ घट्ट मिटून बसले. वाटलं, बाई धावत येतील. त्या आपल्या निवांत दिवा लावायला आत गेल्या. मला जरा रागच आला. जेवताना विचारलं, तर म्हणाल्या, दिलीस की ओ, लगेच दिलीस. इरानेही ऐकली म्हणे.

निरीक्षण म्हणून लिहून टाकलं. माणसाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. सर खूश होतील.

२७ ऑगस्ट

सर हजेरी घेत होते. माझं नाव आलं. मी माइक उघडायच्या आत माझ्या चौकोनातून आवाज आला, "हाय." सगळे हसले. सरांनी पुढचं नाव घेतलं.

माझा माइक बंद होता. मी नीट पाहिलं. बंदच होता.

३ सप्टेंबर

बाईंना सगळं सांगितलं.  त्यांनी मला हाकेआधीच दारात उभं केलं. पण त्यांनी नाव घेतलं आणि माझं तोंड उघडायच्या आत ओ गेली. पाठीमागून, चौकटीतून. आज मीही जवळून ऐकली. कोवळा आवाज आहे.

बाई रडल्या. म्हणाल्या, खोली सोड पोरी, उद्याच नांदेडला जा.

पण निबंध मांडायचा आहे पुढच्या शनिवारी. तिकडे नेट धड नाही. एकच आठवडा.

५ सप्टेंबर

आज बाईंनी माझं नाव दोनदा घेतलं. पहिल्या हाकेलाच ओ गेली होती. तरी पुन्हा घेतलं. कान देऊन ऐकत होत्या. जा असं आता म्हणत नाहीत.

७ सप्टेंबर

आईला फोन केला. ती म्हणाली, सकाळीच तर तासभर बोललीस की. लातूरला जाऊन बोली पार बदलली तुझी, गोड वाटते ऐकायला.

मी सकाळी फोन केला नव्हता.

भीती वाटते. आई, तुला माझा आवाज कसा ओळखू येत नाही?

१० सप्टेंबर

निबंध मांडला. म्हणजे — मी बोलत होते. माइक उघडा होता. सर म्हणत होते, भार्गवी, आवाज येत नाही. मी ओरडले. घसा फाटेस्तोवर. मग तिने वाचायला घेतलं. माझा निबंध. शेवटपर्यंत. सर म्हणाले, उत्तम, अगदी मनापासून लिहिलंय. टाळ्या.

पास झाले. कोण झालं?

११ सप्टेंबर

क्लासात शिकवत होते, कुणी मान वर केली नाही. घरी आले. बॅग भरली. दार उघडेना — उघडंच आहे, पण पाय चौकटीच्या —

तोंडात माती येते. थुंकले तरी येते.

खिडकीतून अंगण दिसतं. तिथे कुणीतरी उभी आहे. माझी ओढणी. बाई तिच्या तोंडावरून हात फिरवताहेत —

दिवेलागण झाली. बाईंनी माझं नाव घेतलं. तिने अंगणातूनच ओ दिली. बाई हसल्या.

आता इराचं नाव. इरा ओ देत नाही. इअरफोन असणार. आता कळतंय सिंधु का — नाव कुणाचंही असू दे, कुणीतरी उकरायला तरी —

दिली. मी दिली ओ!

ऐकली बाईंनी. इकडे बघताहेत. पुन्हा म्हणताहेत, इरा, अगं इरा — हाय, मी हाय, इथं हाय, थांबा, पुढं जाऊ न—