मखमलीचे दोन तुकडे

रविवार, १२ नोव्हेंबर

उद्या दुकान बंद. मी आणि घारी शहरात! अकरा वर्षं एका खोलीत, मी कापते, ती शिवते, आणि दोघींनी मिळून कधी वेस ओलांडली नाही. "मास्तर, एक दिवस कात्री खाली ठेवा की!" म्हणाली. मला ती काचेची उंच इमारत वर जाऊन बघायचीय आणि बटणांची गल्ली. बाकी काही नको.

सोमवार, १३ नोव्हेंबर

अक्षर वाकडं येतंय. रागानं! येऊ दे.

बसमध्ये घारीबाई खुशीत होत्या. उतरल्यावर मात्र भेदरली. केवढा गोंगाट, केवढ्या गाड्या! रस्ता ओलांडताना माझा दंड असा धरला की वळ उठले. आणि डोळे सारखे घड्याळाकडे. बटणांच्या गल्लीत – अख्खी गल्ली, दुकानाला लागून दुकान, नुसती बटणं! – शिंपल्याची, लाकडाची, नखाएवढी पितळी. मी पहिल्याच दुकानात हरवले. "चल ना गं, किती वेळ!" दहा मिनिटं मिळाली मला. दहा! उंच इमारतीचं तर "संध्याकाळी बघू."

मग एका चहाच्या दुकानात मला बसवलं. "समोर मावसबहीण असते, पिशवी देऊन आलेच. पंधरा मिनिटं."

पावणेदोन तास! तीन चहा झाले. चौथा घ्यायचा की उठायचं, असं दुकानदार नजरेनंच विचारायला लागला. आधी चिडले, मग काळजी वाटायला लागली. कुठे पडली-बिडली तर नसेल? समोरच्या इमारतीत शिरले. तिसऱ्या मजल्यावर शिलाई मशीनचा आवाज. आपला आवाज कसा चुकेल?

काचेच्या दारातून बघितलं. आत ओळीनं मशीन, आणि एका मशीनवर घारी. तोंडात टाचण्या. शेजारी गळ्यात टेप टाकलेला माणूस. टेबलावर डॉक्टरीणबाईंचा निळा कोट. गिऱ्हाइकाचा कोट, उद्या द्यायचा, तो पिशवीतून नमुना म्हणून नेला!

नोकरीसाठी हातचं काम दाखवत होती. मला न सांगता. आणि वर मलाच सोबतीला घेऊन!

तिच्यापुढे जांभळी मखमल होती, कोटाचे पुढचे दोन भाग. एक गडद, एक फिका. मखमलीला लव असते, दोन्ही तुकडे एकाच दिशेनं कापावे लागतात, नाहीतर रंग वेगळे दिसतात. हिनं कापड वाचवायला एक उलटा ठेवून कापलेला! दुकानात चिंधीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही, ही मीच लावलेली सवय. पण मखमलीला ती चालत नाही, हे तिला कुठून कळणार? कात्री कधी धरलीय तिनं? इतक्या संतापातही माझे हात शिवशिवले.

तशीच खाली चहाच्या दुकानात येऊन बसले. मग घारी आली. "मावसबहिणीनं सोडलंच नाही गं." काय तो साळसूदपणा! मी म्हटलं, "कोट घडी घालून ठेव, चुरगळेल." तिचं तोंड पांढरंफटक पडलं. परत येताना उंच इमारत खिडकीतून दिसली तेवढीच.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "दमलीस की भांडलीस?"

मंगळवार, १४ नोव्हेंबर

भांडलो. गिऱ्हाईक दारातून परत गेलं, इतकं भांडलो.

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"विचारून बघायचं होतंस!"

"एकटीनं जायचं धाडस नव्हतं गं मला."

म्हणजे माझाच हात धरून मला सोडून जायला निघाली होती! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तू गेलीस तर माझ्या कापलेल्या कापडांचं काय लोणचं घालू? मला सरळ शिलाई येत नाही, अख्ख्या गावाला माहीत आहे. दुकानाला दुसऱ्या दिवशी कुलूप! असं सगळं ओरडले.

ती हळूच म्हणाली, "तिथं खिडक्या आहेत गं. मोठ्या."

आमच्या खोलीला एकही नाही, खरंय. म्हणून काय झालं?

नंतर रडली. मखमल बिघडवली, ते काही तिला घेणार नाहीत म्हणे. आणखी काही सांगत होती, त्या माणसानं कोट उलटून पाहिला वगैरे. मी म्हटलं, पुरे! तो कोट शिवलायस छान, आता नेऊन दे.

बुधवार, १५ नोव्हेंबर

राग गेलेला नाही. कात्री आपटून ठेवली की ती दचकते. दचकू दे.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

आज तिनं हात जोडले. "चुकले. पुन्हा नाही." मला एवढ्यानं भागेना. म्हटलं, माझ्या डोक्यावर हात ठेव आणि शपथ घे, हे दुकान सोडून कुठंही जाणार नाहीस. ठेवला हात. घेतली शपथ. तिचा हात गार होता. अकरा वर्षांचा संसार आहे आमचा, असा वाऱ्यावर सोडायचा? असं मी चांगलं अर्धा तास सुनावलं. मग तिनं भाकरीचा डबा उघडला आणि आम्ही जेवलो. बरं वाटलं.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

दुपारी दुकानात फोन आला. गळ्यात टेपवाला तो माणूस! नंबर घारीनंच दिला होता. "निळ्या कोटाची कापणी कुणाची, विचारलं तर तुमच्या मैत्रिणीनं तुमचं नाव सांगितलं. आम्हाला कापणीलाच माणूस हवाय. एक तारखेपासून याल?"

घारी समोरच बटणांची काजं करत बसली होती. "कुणाचा गं?"

"राँग नंबर," मी म्हटलं.

त्याच्या आधी फोनवर माझं "हो" म्हणून झालं होतं.