मानपूरच्या घाटाआधी

१६ सप्टेंबर १९५६, रविवार, ग्वाल्हेर

फूलबागेपाशी आज गाडी गवतावर चढली. कुणाला लागलं नाही. देवाची कृपा!

हे चालवत होते, मी शेजारी, दुर्गा मागे. समोर रस्ता मोकळा. वळण आलं आणि ह्यांनी चाक वळवलंच नाही. मी "अहो!" म्हणून ओरडले. गाडी कडेचा दगड घासून गवतात शिरली आणि बंद पडली. हे तसेच बसून. उजवा हात सदऱ्याच्या गुंडीशी चाळा करत होता, जणू ती लावायची राहून गेली आहे. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "उतरायचंय का तुला?"

मी म्हटलं, गाडी गवतात आहे.

इकडेतिकडे बघितलं. हसले. "डुलकी लागली वाटतं."

दुर्गा मागून खो खो हसत होती— "बाबा सो गए!" मीही हसले. हसण्यावारी नेलं.

१७ सप्टेंबर

डोळे उघडे होते. डुलकीत डोळे उघडे असतात का कुणाचे?

२३ सप्टेंबर, रविवार

ठरलं. आम्ही पुण्याला जाणार. कायमचे.

एक नोव्हेंबरला आमचं मध्यभारत राज्य संपणार, नव्या राज्याची राजधानी भोपाळ. ह्यांचं मोटार खातं उठून भोपाळला जाणार. "आधी महाराजांची फौज गेली, तिथून खात्यात आलो. आता खातंही चाललं. किती वेळा मोडलेल्या गाडीतून उतरायचं?" असं म्हणाले आणि भोपाळला नकार कळवून आले. मला विचारलं नाही.

पुण्यात ह्यांचे चुलतभाऊ कान्होजी आहेत. त्यांचा मोटारदुरुस्तीचा कारखाना. दुरुस्त झालेले ट्रक घाटात चालवून बघायला भरवशाचा माणूस हवा आहे त्यांना. म्हणजे दिवसभर चाकावरच. तेही घाटात!

आणि जायचं आगगाडीने नाही, आपल्या मोटारीने. बैठकीत जमिनीवर नकाशा पसरून बाप-लेक पालथे पडले होते. पहिला मुक्काम शिवपुरी— तलाव आणि छत्र्या. मग गुना. मग आगऱ्याहून मुंबईला जाणारी ती सडक सोडून थोडं आत उज्जैन, तिथून इंदूर. मानपूरचा घाट उतरला की महेश्वर— नर्मदेत स्नान. पुढे सेंधवा, धुळे, नाशिक, पुणे. दुर्गाने प्रत्येक गावावर पेन्सिलीने गोल केला. ह्यांचं तोंड असं उजळलेलं मी फौज मोडल्यापासून पाहिलं नव्हतं.

सुधावन्सं— ह्यांच्या थोरल्या बहीण, पलीकडच्या गल्लीत राहतात— ऐकून कपाळाला हात लावून बसल्या. "जगदेव, शिवपुरीच्या जंगलात डाकू आहेत रे!"

मीही म्हटलं, हो ना, डाकू आहेत.

डाकूंचं नाव घेता येतं. दुसरं मोठ्याने म्हणता येत नाही.

३० सप्टेंबर

पुन्हा. सकाळी चहा घेताना. बशी हातात, ओठ चघळल्यासारखे हलतायत, नजर भिंतीवर. मी हाक मारली. परत मारली. चहा हळूहळू धोतरावर सांडत गेला. चटका बसला असेल, पण हूं नाही की चूं नाही.

मग म्हणाले, "चहात साखर नाही का आज?" धोतर ओलं बघून माझ्यावरच चिडले.

मी साखर आणून दिली.

४ ऑक्टोबर

दाणा ओळीतल्या लक्ष्मीकांत डॉक्टरांकडे गेले होते. घरी सांगितलं, दुर्गाच्या खोकल्याचं औषध आणते.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. गुंडीचं दोनदा विचारलं. मग म्हणाले, "ब्रह्मदेशात लढाईत डोक्याला लागलं होतं ना त्यांच्या?" लागलं होतं. अजून वण आहे, केसांत झाकलेला. "हा फेफऱ्याचाच प्रकार आहे, वहिनी. माणूस पडत नाही, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. त्यांना स्वतःलाही कळत नाही बऱ्याचदा. औषध आहे, पण आधी मला त्यांना तपासायला हवं. आणि तोवर— गाडीला हात लावू द्यायचा नाही. बिल्कुल नाही!"

मी म्हटलं, महिन्याभरात आम्ही पुण्याला निघतोय. मोटारीने.

डॉक्टर खुर्चीवरून उठलेच. "तुम्ही सांगता की मी घरी येऊ?"

मी सांगते म्हटलं.

काय सांगणार? की तुम्हाला फेफरं येतं? मग पुण्याचं काम गेलं. भोपाळचं तर स्वतःच्या हाताने घालवलंय. आणि मोटार! ह्या माणसाला चाकावरून उतरवलं तर उरतं काय?

आणि नाही सांगितलं तर मानपूरचा घाट आहे. मागे दुर्गा बसलेली असेल.

५ ऑक्टोबर

सांगितलं नाही.

९ ऑक्टोबर

आगगाडीचं काढून बघितलं. पोरीची दगदग, सामान, माझी कंबर. ऐकेनात.

"रात्री डब्यात झोपायचं आणि उठून पुणं? मग दुर्गाने बघितलं काय? अगं, आपले पूर्वज ह्याच वाटेने घोड्यावरून आले. मी ब्रह्मदेश पाहिला, पण महेश्वर पाहिलं नाही. लाज वाटते मला."

दुर्गा म्हणाली, "आई को डर लगता है."

"मराठीत बोल," हे म्हणाले. "पुण्यात हसतील."

तिने हळूच मला विचारलं, "तिकडे गणितपण मराठीतच शिकवून राहिले असतील का?" मला माहीत नाही. मला तर स्वतःचीच धास्ती आहे. मागे लग्नाला गेले होते तिकडे, तर भाजीवालीला पिशवी म्हणायचं सोडून 'थैली दे' म्हटलं आणि जावा तोंडाला पदर लावून हसल्या. इकडे आम्ही मराठे, तिकडे ग्वाल्हेरवाले.

पण ही भीती चालेल. हिने कुणी मरत नाही.

१४ ऑक्टोबर, दसरा

गाडीची पूजा केली. झेंडूची माळ, चाकाला कुंकू. हात जोडले आणि मनात म्हटलं, सुरूच होऊ नकोस. कायमची बंद पड. सणासुदीला असलं मागणं!

ह्यांनी हँडल मारलं. एका झटक्यात सुरू.

संध्याकाळी सोनं द्यायला वाकले आणि कसं सुचलं कोण जाणे, म्हणाले, "मला शिकवा मोटार."

हे इतके हसले की सुधावन्सं धावत आल्या. मग हसू थांबवून माझ्याकडे नीट बघितलं. "खरंच म्हणतेस? शाबास! पुण्यातल्या बायका सायकलवर दिसतात म्हणे. तू मोटार चालवत शीर गावात!"

वन्संना मुळीच पसंत नाही. "चाळिशीला आलीस ना गं?"

आले. म्हणून काय झालं?

१८ ऑक्टोबर

मेळ्याच्या मैदानावर पहिला धडा. मैदान अजून ओसाड आहे, फक्त बकऱ्या. क्लच सोडला की गाडी उडी मारते आणि मरते. दहा वेळा उडी, दहा वेळा मेली. बकरीवाला म्हातारा काठी टेकून तमाशा बघत होता— "बाई साहब, गाड़ी है, भैंस नहीं है. मारो मत!"

हे चिडत नाहीत. इतका शांत माणूस मी घरात बघितला नाही. "पाय हळू उचल. अजून हळू. तिचं ऐक, ती सांगते." माझा घाम चष्म्यावर गळत होता.

घरी नेताना मात्र चाक ह्यांच्याकडे. सगळा रस्ता मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. गुंडीकडे जातो का.

२२ ऑक्टोबर

कंपूच्या रस्त्यावर नेली! समोरून टांगा आला. मी डोळे मिटले.

"डोळे उघडे ठेव," हे म्हणाले.

दिवसभर हेच कानात.

२६ ऑक्टोबर

लिहायलाच हवं.

मी चालवत होते, मैदानाला लांब फेरी. तिसरा गिअर पडला, बरोबर पडला. शाबासकी आली नाही म्हणून बघितलं, तर ह्यांचे ओठ हलतायत. हात गुंडीशी. मागून दुर्गा— "आई, रोक दो. बाबा गेलेत."

गेलेत! तिने हाच शब्द वापरला.

मी थांबवली. हळू, उडी न मारता. दुर्गाने मागून हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला होता.

ते आले. म्हणाले, "थांबवलीस का? गिअर तर चांगला पडला होता."

घरी आल्यावर दुर्गाला न्हाणीघरात नेऊन विचारलं. तिला माहीत होतं! दसऱ्याच्या आधी बाबा तिला शाळेतून आणत होते. गाडी उभी होती, सुरू करायची होती, तेव्हाच झालं. आणि परत आल्यावर त्यांनी तिला विचारलं, "तू कुणाची गं?"

"मी सांगितलं, मी दुर्गा. तुमची. मग ते म्हणाले, हो हो, चल."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरली असतीस."

तेरा वर्षांची पोर. मी तिला पोटाशी धरलं. कोण कुणाला सांभाळतंय ह्या घरात!

१ नोव्हेंबर

आज मध्यभारत संपला. हे कचेरीत जाऊन चाव्या देऊन आले. अर्धे लोक आधीच भोपाळला. पाटी उतरवताना खिळा निघेना म्हणून ह्यांनीच पान्हा दिला म्हणे. सांगताना हसत होते. जेवले नाहीत.

बाहेर फटाके वाजतायत. दिवाळीचे का नव्या राज्याचे, काय माहीत.

मी आज सांगणार होते. आज कसं सांगू?

६ नोव्हेंबर

निघायला दोन दिवस. आज अंगणात, दुर्गा शाळेत असताना, बोलले. ठरवलेलं वाक्य तोंडात आलंच नाही. दुसरंच आलं.

"गाडी मी चालवणार. पुण्यापर्यंत. नाहीतर मी आणि दुर्गा येत नाही."

हे गाडीच्या काचेवर फडकं फिरवत होते. ते थांबलं. "महिना नाही झाला तुला शिकून."

"मला माहीत आहे."

"लोक काय म्हणतील? नवरा धडधाकट आणि बायको—"

मी पाण्याची बादली उचलून बाजूला ठेवली.

"माझ्या हातावर भरवसा नाही तुझा?"

"हातावर आहे."

माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता विचारतील, मग कशावर नाही? विचारलं असतं तर सांगितलं असतं. शप्पथ, सगळं सांगितलं असतं. पण फडकं खांद्यावर टाकून बाहेर निघून गेले.

सुधावन्संनी दारातून ऐकलं. "नवऱ्याशी असं बोलतात? लढाईत इतकी माणसं मेली, त्यांतून उठून आलेला माणूस तो. आधीच मोडलाय, अजून किती मोडशील?"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

७ नोव्हेंबर

सामान बांधलं. पितळेचं सगळं वन्संकडे. त्यांनी वाटेसाठी बेसनाचे लाडू दिले, माझ्या हातात न देता दुर्गाच्या.

हे कालपासून बोलत नाहीत. चाकं तपासली, पाणी भरलं, दोरखंड आवळले. एकदा पुढच्या सीटवर बसून चाकावर दोन्ही हात ठेवले आणि नुसते बसून राहिले. मी खिडकीतून बघत होते. ते झालं का? नाही. भानावर होते. तेच बघायला जास्त कठीण गेलं.

सकाळी चाकावर बसले तर काय करू? दुर्गाला घेऊन उतरेन? भर रस्त्यात? आणि त्यांना एकट्याला जाऊ देईन?

डॉक्टर संध्याकाळी येऊन दारावरून परत गेले. मीच खुणेने नको म्हटलं. देवा, चुकत असेन तर आत्ताच सांग.

८ नोव्हेंबर, शिवपुरी

सकाळी हँडल मारलं आणि वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसले. वन्संनी तोंड फिरवलं. मी चालवली.

मोहना गावापर्यंत गप्प. मग "समोर बैलगाडी," एवढंच. सतनवाड्याच्या उतारावर बोलायचे थांबले. मी बघितलं. हात गुंडीशी. मी गाडी थांबवली नाही. दुर्गाने मागून खांद्यावर हात ठेवला. जंगल मागे पडत होतं.

मग आले. बाहेर बघितलं, मग माझ्याकडे.

"किती वेळ नव्हतो मी?"

मी म्हटलं, "दोन मैल."

मान हलवली. इथे उतरल्यावर आधी तारघर विचारलं आणि कान्होजींना स्वतःच्या हाताने तार लिहिली— येतोय, पण गाडी चालवू शकणार नाही, आजारी आहे.

उद्या गुना.