छातीची टाळू

लकडगंज, नागपूर
१२ ऑगस्ट १९७६

ती. मामाजींस,
ईश्वरचा नमस्कार. तिकडे सगळे खुशाल असतील असं लिहायची रीत आहे. माझ्याने लिहवत नाही. मामाजी म्हणू नको असं तुम्ही बजावलं होतं, पण बायकोच्या बापाला दुसरं काय म्हणू?

फाडायच्या आधी एवढं वाचा : बाळाच्या छातीला तेल लावू नका. दाबू तर मुळीच नका.

तुमच्या गल्लीतले, उमरेड बसचे कंडक्टर गणपतराव सांगत होते, तुमच्या घरच्या आत्याबाई रोज बाळाची छाती चोळतात. म्हणतात, "टाळू उडते तशीच छाती उडून राहिली. तेल भरलं का भरून येईल, काहून घाबरता?" आत्याबाईंच्या हाताखाली अख्ख्या गल्लीची पोरं वाढली, कबूल. पण ती टाळू नाही हो! त्याच्या छातीचं मधलं हाडच जुळलेलं नाही. नुसती कातडी, आणि खाली हृदय.

दवाखान्यात तुम्ही म्हणालात, पळून लग्न केलं त्याचं हे फळ. माझं डोकं फिरलं, तुमच्या सदऱ्याला हात घातला. तुम्ही मायलेकरांना घेऊन निघालात, डॉक्टर मागून हाका मारत राहिले. ते काय सांगत होते ते आता तरी ऐका. हे पोटातच होतं, कोणाच्या पापाने नाही. असं बाळ त्यांनीही पुस्तकातच पाहिलं होतं. पण हाडं कोवळी आहेत तोवर दोन्ही कडा ओढून शिवता येतात. मुंबईचे सर्जन सोमवारी इथे येतायत. पुढे छाती कडक होईल. खळ वाळल्यावर सूत ओढलं तर काय होतं, ते तुमच्यासारख्या विणकराला मी काय सांगू?

रविवारी तुमच्या दाराशी आलो ते हेच सांगायला. तुम्ही म्हणालात, "कालेजातून पयाला, आता बाप होऊन राहिला!" आणि मी कवाडावर दगड हाणला. आत बाळ दचकून रडलं. त्याचा तेवढाच आवाज मला माहीत आहे.

प्रेमिला कशी आहे हे विचारणार नव्हतो. जेवते का? तिच्यासाठी बीएस्सी सोडलं, आरा मशीनवर लाकडं ओढतो, त्याचं मला काही नाही. तिला सोडणार नाही असं तुमच्या तोंडावर म्हणालो होतो. तो शब्द परत घेतो. सोमवारी बाळाला आणा. मी दवाखान्याच्या फाटकात दिसणार नाही. नंतरही कधी दिसणार नाही. तिला सांगा, पळाला. तिला पटणार नाही; तुम्ही सांगत राहा.

बसमध्ये त्याला छातीशी आवळून धरू नका. काखेत हात घालून उचलू नका. दोन्ही तळहातांवर घ्या, ओंजळीत पाणी घेतात तसं. मी त्याला अजून घेतलेलं नाही.

तुम्ही म्हणाल तर तुमचा कोणीच नसलेला,
ईश्वर